खेळांतील बिऱ्हाडें आणि थांबलेला काळ

भातुकलीच्या खेळांत एक नियम कोणीं शिकविल्यावांचूनच सर्व मुलांस ठाऊक असतो. जेवणाची हांक आली कीं बाहुला-बाहुलीचा संसार असेल तेथेंच थांबतो. बोळक्यांतला लटका भात करपत नाहीं, पाळण्यांतलें बाळ रडत नाहीं, आणि तासाभरानें मुलें हात पुसत परत आलीं म्हणजे वरात ज्या पायरीवर उभी होती त्याच पायरीवरून पुढें निघते. आपण पाहत नसतों तेव्हां बाहुल्यांचा काळ चालत नाहीं, हा तो नियम. एका संसारापुरती ही व्यवस्था सोयीची खरी. परंतु अंगणांत एकच घर नसून दहा-वीस घरें मांडलेलीं असलीं, त्यांच्यांत परस्पर सोयरिकी जुळलेल्या असल्या, आणि खेळणारें मूल मात्र एकच असलें, म्हणजे मोठा पेंच उभा राहतो. ज्या घरापाशीं मूल बसलें आहे तेथें दिवसामागून दिवस जातात. बाकीचीं घरें जेथल्या तेथें. 'सिम्स' या नांवाचा संगणकावरील जो खेळ आज पाव शतकाहून अधिक काळ घरोघर खेळला जात आहे, त्याच्यापुढें हाच पेंच प्रथमपासून उभा आहे. त्याच्या कर्त्यांनीं तो निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळ्या रीतींनीं सोडविला, आणि प्रत्येक वेळीं कांहींतरी मिळवून कांहींतरी गमावलें. त्या सोडवणुकीचा इतिहास सांगण्याचा आमचा विचार आहे.

ज्यांच्या घरांतील मुलें हा खेळ खेळतात त्यांस तो परिचित असेलच. इतरांसाठीं दोन शब्द. यांत शत्रू नाहीं, शर्यत नाहीं, जिंकणें-हरणें नाहीं. पडद्यावर एक वस्ती असते, वस्तींत घरें असतात, आणि घरांत 'सिम' या नांवानें ओळखलीं जाणारीं चिमुकलीं माणसें राहतात. खेळणारानें त्यांना घर बांधून द्यावें, नोकरी लावावी, स्वयंपाक शिकवावा, शेजाऱ्यांशीं ओळख करून द्यावी, आणि मग त्यांच्या हातून जें बरेंवाईट होईल तें पाहावें. माणसें थोडीफार आपल्या मनानेंही वागतात. पुष्कळदां तीं चुलीवर कांहींतरी ठेवून दूरचित्रवाणीपुढें जाऊन बसतात आणि घराला आग लागते. एवढ्यांत जिवाला गुंतविणारें काय आहे, असें न खेळणारास वाटेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें.

या खेळाचा एक पूर्वज १९८५ सालचा आहे. त्या वर्षीं अमेरिकेंतील ॲक्टिव्हिजन या कंपनीनें 'लिटल कॉम्प्युटर पीपल' नांवाचा खेळ काढला. मूळ कल्पना रिच गोल्ड यांची; तिला खेळाचें रूप दिलें डेव्हिड क्रेन यांनीं. कमोडोर ६४ या त्या काळच्या घरगुती संगणकावर, समोरची भिंत काढून घेतल्यासारखें, तीन मजल्यांचें एक घर दिसे. त्यांत एक गृहस्थ आणि त्याचा कुत्रा राहत. तो पियानो वाजवी, पत्र लिही. खेळणारानें त्याला अन्नपाणी पुरवावें, एवढाच दोघांमधील व्यवहार. शेजार नव्हता, म्हणून शेजाऱ्यांच्या काळाचा प्रश्नही नव्हता. याच्या उलट टोक म्हणजे विल राइट यांचा १९८९ सालचा 'सिमसिटी' हा खेळ. त्यांत सबंध शहर खेळणाराच्या हातीं होतें; रस्ते, वीज, कर, सर्व कांहीं होतें; पण त्या शहरांतील एकाही माणसाचा चेहरा दिसत नसे. एकीकडे शहराविना माणूस, दुसरीकडे माणसाविना शहर. या दोहोंच्या मध्यें जी जागा रिकामी होती तेथें 'सिम्स'चा जन्म झाला.

त्या जन्माला निमित्त झालें तें एका आगीचें. १९९१ सालच्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील ओकलंड व बर्कले येथील टेंकड्यांवर भयंकर वणवा पेटला. २५ माणसें दगावलीं, आणि सुमारें तीन हजार घरें जळून गेलीं. त्यांत राइट यांचेंही घर होतें. सर्वस्व गेल्यावर पुनः संसार मांडतांना, कोणती वस्तु आधीं घ्यावी, कोणत्या वस्तूवांचून चालतें, आणि माणूस वस्तु घेतो ती कशासाठीं, हे प्रश्न त्यांच्या मनांत घोळूं लागले. ख्रिस्टोफर अलेक्झँडर या वास्तुशास्त्रज्ञाच्या १९७७ सालच्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. आरंभीं योजना अशी होती कीं, खेळणारानें घर बांधावें आणि आंत सोडलेल्या माणसांनीं तें घर राहण्याजोगें आहे कीं नाहीं याची परीक्षा करावी. माणसें ही केवळ परीक्षक होतीं. पण पुढें त्या परीक्षकांचाच संसार घरापेक्षां मनोरंजक ठरला. खेळाचें त्या वेळचें कामचलाऊ नांव 'डॉलहाउस', म्हणजे बाहुलीघर, असें होतें. भातुकलीची आठवण आम्हीं उगीच काढलेली नाहीं हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

४ फेब्रुवारी २००० रोजीं 'द सिम्स' बाजारांत आला. त्यांतील एक युक्ति सांगण्यासारखी आहे. माणसांच्या डोक्यांत बुद्धि भरण्याऐवजीं कर्त्यांनीं ती वस्तूंत भरली. शीतपेटी जणुं हांक मारते, 'मी भूक भागवितें'. पलंग म्हणतो, 'मी शीण घालवितों'. आणि सिमाला त्या क्षणीं ज्याची निकड अधिक त्या हांकेला तो ओ देतो. अशा निकडी आठ होत्या: भूक, आराम, स्वच्छता, देहधर्म, झोंप, करमणूक, सहवास आणि खोलीचा नीटनेटकेपणा. एवढा हिशेब प्रत्येक माणसासाठीं क्षणोक्षणीं करावयाचा म्हणजे त्या काळच्या घरगुती संगणकाच्या आवांक्यांत एका वेळीं एकच घर येई. म्हणून वस्तींत घरें जरी दहा असलीं तरी काळ एकाच घरांत चाले. खेळणारानें एक घर मिटून दुसरें उघडलें म्हणजे पहिल्याचें घड्याळ थांबे, आणि दुसऱ्याचें, कधींकाळीं तें जेथें थांबलें होतें तेथून, चालूं लागे. एका घरीं सकाळ, तर शेजारीं मध्यरात्र. तरीही शेजारी एकमेकांकडे येत-जात, गप्पा मारीत, भांडत व प्रेमांतही पडत; ज्याच्या स्वतःच्या घरांतला काळ गोठलेला आहे असा मनुष्य दुसऱ्याच्या घरीं येऊन जेवून जाई, हा चमत्कार कोणास खटकला नाहीं.

न खटकण्याचें कारण उघड होतें. या पहिल्या खेळांत कोणी म्हातारें होत नसे. पाळण्यांतील बाळ तीन दिवसांनीं शाळेंत जाणारें मूल होई, आणि त्यापुढें तें जन्मभर मूलच राही. त्याचे आईबापही तसेच अक्षय तरुण. जेथें वय नाहीं तेथें एक पुढें गेला व दुसरा मागें राहिला असें होण्याचा संभव नाहीं. खेळणाराचें लक्ष त्यामुळें घरोघरच्या कथांकडे लागलें. खेळांत छायाचित्रें घेऊन घराचा एक सचित्र संग्रह करण्याची सोय होती. ती कर्त्यांनीं सहज म्हणून ठेविली असावी. परंतु लोकांनीं तिचा उपयोग चक्क कादंबऱ्या रचण्याकडे केला. मार्च २००२ पर्यंत या खेळाच्या ६३ लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि 'मिस्ट' या तोंवरच्या अग्रेसर खेळाला मागें टाकून संगणकावरील सर्वांत अधिक खपाचा खेळ हा मान त्यानें मिळविला.

खरा पेंच उभा राहिला तो १४ सप्टेंबर २००४ रोजीं, 'सिम्स २' निघाला तेव्हां. या खेळांत कर्त्यांनीं माणसांना वय दिलें. तान्हेपण तीन दिवसांचें, रांगतेपण चार, बाळपण आठ, किशोरवय पंधरा, प्रौढपण एकोणतीस दिवसांचें, आणि मग म्हातारपण व मृत्यु. नाकडोळे आईबापांवरून येऊं लागले. माणसांना स्मृति आली: पहिलें चुंबन, बापाचा मृत्यु, परीक्षेंतील अपयश, हें सर्व ज्याच्या त्याच्या खात्यावर जन्मभर नोंदलेलें राही. पण घड्याळाची व्यवस्था मात्र पूर्वीचीच राहिली. जें घर उघडलें आहे तेवढ्याच घरांतील माणसें वयानें वाढत. म्हणजे मर्त्यता आली ती एका वेळीं एकाच घराला!

याचा अर्थ काय होतो तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. खेळाबरोबर तयार मिळणाऱ्या तीन वस्त्यांपैकीं एकीचें नांव प्लेझंटव्ह्यू. हीच पहिल्या खेळांतील वस्ती, पंचवीस वर्षांनंतरची. पहिल्या खेळांत तरुण असलेला मॉर्टिमर गॉथ येथें म्हातारा झालेला आहे. त्याची पत्नी बेला नाहींशी झाली आहे. मुलगी कॅसँड्रा लग्नाची आहे, आणि मुलगा अलेक्झँडर अजून शाळेंत जातो. त्याच वस्तींत ब्रोक आडनांवाच्या एका हलाखीच्या घरीं ब्रँडी नांवाची विधवा राहते. थोरला मुलगा डस्टिन हातांतून जाण्याच्या वयांत आहे. धाकटा बो अजून रांगतो. तिसरें मूल पोटांत आहे आणि त्याचा बाप निवर्तला आहे. आतां खेळणारानें हें घर उघडलेंच नाहीं तर काय होतें? कांहींच होत नाहीं. या खेळांत गर्भारपण अवघें तीन दिवसांचें. पण ब्रँडीचे ते तीन दिवस कधींच सरत नाहींत. शेजारच्या गॉथांच्या घरीं दोन पिढ्या जन्मून मातींत जातात, तरी तें मूल जन्मास येत नाहीं, आणि रांगणारा बो उठून चालूं लागत नाहीं.

येथें या खेळाचा एक विलक्षण न्याय दृष्टीस पडतो, आणि आमच्या मतें साऱ्या इतिहासाची किल्ली त्यांतच आहे. प्रत्यक्ष संसारांत ज्याच्याकडे दुर्लक्ष होतें तो खंगतो. येथें सर्व उलट आहे. ज्या घराकडे तुम्ही पाहत नाहीं तें सुखरूप, अभंग राहतें. ज्या घरावर तुमचा जीव जडतो, जें तुम्ही रोज उघडतां, त्याच घरांतील माणसें डोळ्यांदेखत पिकत जातात व एके दिवशीं काळपुरुष दाराशीं येऊन उभा राहतो. तुमचें पाहणें हाच त्यांचा काळ. लाडक्या घराचा शेवट सर्वांत आधीं होतो, आणि नावडतीचीं मुलें चिरंजीव होऊन बसतात.

आम्हीं ही चूक स्वतः केली आहे. गॉथ कुटुंबाचा आम्हांस लोभ. त्यामुळें आठवडेच्या आठवडे तें एकच घर आम्हीं चालविलें. अलेक्झँडर एकदां शाळेंतून येतांना आपल्याच वयाच्या ल्यूसी बर्ब या मुलीला घरीं घेऊन आला होता. दोघांनीं अंगणांत खेळून दिवस घालविला. पुढें तो किशोर झाला, प्रौढ झाला, नोकरीस लागला. एके सायंकाळीं जुनी ओळख म्हणून आम्हीं त्याच्याकडून ल्यूसीला बोलावणें धाडविलें. ती आली ती शाळकरी मुलगीच होती. तिच्या घरचें दार आम्हीं त्या दिवसानंतर उघडलेंच नव्हतें. तो सूटबूट घालून उभा, आणि ही त्याच्या कमरेएवढी. खेळ म्हणून सोडून द्यावयाची ही गोष्ट. पण त्या संध्याकाळीं आम्हीं संगणक मिटला तो कांहींशा अपराधी मनानेंच.

अशा अनुभवांतूनच पाळीनें खेळण्याची पद्धति निघाली. ती कर्त्यांनीं शिकविली नव्हती. खेळणारांनीं आपसांत ठरवून घेतली. वस्तींतील सर्व घरें एका क्रमानें उघडावयाचीं. प्रत्येक घरीं ठराविक दिवस, कोणी तीन, कोणी पांच, कोणी सात, राहावयाचें. आणि सर्व घरें झालीं म्हणजे एक फेरा पुरा झाला असें धरून पुनः पहिल्यापासून आरंभ करावयाचा. असें केलें म्हणजे समवयस्क समवयस्कच राहतात. नियम ऐकावयास सोपा, पण पाळावयास कठीण, कारण मनुष्याचें मन आवडत्या घराकडे ओढ घेतें. पांचवा दिवस संपत आला आहे, नात ठरलेली आहे, लग्न उद्यांवर आहे, आणि नियम म्हणतो, हें घर आतां मिटा! पुढील नऊ बिऱ्हाडें हिंडून आल्यावांचून तें लग्न लागावयाचें नाहीं.

या पद्धतीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. साधारण गतीनें खेळलें असतां सिमांचा एक तास म्हणजे आपलें सुमारें एक मिनिट. त्यांचा दिवस आपल्या २४ मिनिटांचा. वस्तींत दहा घरें आहेत व प्रत्येकीं पांच दिवस द्यावयाचे, तर एका फेऱ्याचे ५० दिवस, म्हणजे १,२०० मिनिटें, म्हणजेच २० तास होतात. प्रौढपणाचे २९ दिवस सरावयास सहा फेरे लागतात. म्हणजे १२० तास. रोज एक तास या खेळास देणाऱ्या माणसानें चार महिने खेळावें तेव्हां वस्तींतील एक पिढी प्रौढपणांतून म्हातारपणांत जाते. घड्याळाचा वेग वाढवितां येतो हें खरें, आणि तो सर्वच वाढवितात. तरीही एवढ्या घरांचें, त्यांतील नात्यांचें, कर्जाचें, नोकऱ्यांचें आणि वायद्यांचें भान केवळ स्मरणानें राहणें शक्य नाहीं. म्हणून वह्या आल्या. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका वहींत डाव्या पानावर घरांचा क्रम, उजव्या पानावर प्रत्येकाचें वय व त्या फेऱ्यांतील मुख्य घडामोडी, आणि तळाशीं 'पुढील खेपेस' म्हणून करावयाच्या कामांची टीप होती. एखाद्या जुन्या वाड्याच्या कारभाऱ्याची कीर्दखतावणीच ती! कोणी याच्याही पुढें गेले. आपल्या लोभामुळें एका घरावर कृपा व दुसऱ्यावर अवकृपा होऊं नये म्हणून, या फेऱ्यांत कोणत्या घरीं कोणतें संकट यावें, कोणाची नोकरी जावी, कोणास धनलाभ व्हावा, हें त्यांनीं चिठ्ठ्या टाकून ठरविण्याचा प्रघात पाडला. ज्या खेळांत खेळणाराची सत्ता सर्वंकष आहे त्यांतच त्यानें आपण होऊन आपले हात बांधून घ्यावे, ही गोष्ट आम्हांस मोठी मननीय वाटते.

पुरवण्या निघत गेल्या तशा नव्या अडचणी निघाल्या. २००५ सालच्या पुरवणीनें विद्यापीठ आणलें. तेथील शिक्षण चार वर्षांचें, व प्रत्येक वर्षांत बहात्तर तासांचीं दोन सत्रें. म्हणजे एकंदर २४ दिवस. हे दिवस आयुष्याच्या हिशेबांत वरकड मिळतात; मुलगा शिकत असतां घरच्या कोणाचेंही वय वाढत नाहीं, आणि जो शिकला तो न शिकलेल्यापेक्षां २४ दिवस अधिक जगला असें होतें. उच्च शिक्षणाचा इतका रोकडा लाभ आमच्या विद्यापीठांस अद्याप दाखवितां आलेला नाहीं. पाळीनें खेळणारांनीं यावर तोड काढली ती अशी कीं, एका फेऱ्याबरोबर विद्यापीठाचें एक वर्ष किंवा एक सत्र उरकावयाचें. २००७ सालच्या पुरवणींत ऋतु आले. एकेक ऋतु पांच दिवसांचा. पण ऋतूंची गणनाही घरागणिक निराळी, म्हणून या अंगणांत बर्फ तर कुंपणापलीकडे आंबराईचें ऊन, असा प्रकार होई. यावर मात्र उपाय आपोआप सांपडला: प्रत्येक घरीं नेमका एक ऋतु राहावयाचें, म्हणजे फेरा संपतांना सर्व वस्ती एकाच ऋतूंत येऊन उभी राहते. पांच दिवसांचा फेरा रूढ होण्यास हें एक मोठें कारण झालें. पुढें २००८ सालीं चाळींसारख्या सामायिक इमारती आल्या, तेव्हां तर मध्यें एक भिंत आणि दोन बाजूंस दोन काळ, इथपर्यंत मजल गेली.

याच सुमारास कर्ते दुसऱ्याच वाटेनें निघाले होते. २ जून २००९ रोजीं अमेरिकेंत 'सिम्स ३' आला. संगणक आतां बळकट झाले होते, आणि सबंध गांवाला एकच घड्याळ देणें शक्य झालें होतें. दार उघडून सिम थेट रस्त्यावर यावा, बागेंत जावा, शेजाऱ्याच्या खिडकींतून डोकवावा. कोठेंही खंड नाहीं. आणि ज्या घरांकडे खेळणाराचें लक्ष नाहीं त्यांच्यासाठीं कर्त्यांनीं एक अदृश्य कारभारी नेमला, ज्याच्या कामास 'स्टोरी प्रोग्रेशन', म्हणजे कथेची वाटचाल, असें नांव दिलें होतें. आतां शेजारी आपल्या परवानगीवांचून लग्नें करूं लागले, मुलांना जन्म देऊं लागले, नोकऱ्या बदलूं लागले, मरूं लागले. वरवर पाहतां भातुकलीचा पेंच सुटला. जग आपल्याविना चालतें, हा प्रौढ माणसांचा अनुभव खेळांत आला.

परंतु ज्यांनीं पांच वर्षें वह्या ठेविल्या होत्या त्यांच्यावर हा मोठाच आघात होता. त्यांनीं एक घर मिटून दुसरें उघडावें, आणि चार दिवसांनीं परत येऊन पाहावें, तों पहिल्या घरांतील माणसांनीं मनांत धरलेल्या इच्छा पुसल्या गेलेल्या. कधीं नोकरी भलतीच लागलेली. कधीं तर सबंध कुटुंब गांव सोडून गेलेलें, आणि गेलेलें म्हणजे कायमचेंच. अदृश्य कारभाऱ्यास हिशेब येत होता, पण माणसांची ओळख नव्हती. गांवांत माणसें किती असावीं, घरें किती रिकामीं असावीं, एवढें तो पाही; अमक्या दोघांचें लहानपणापासून सूत आहे हें त्याच्या गांवींही नव्हतें. या खेळांतील सनसेट व्हॅली हें गांव पहिल्या खेळाच्या पंचवीस वर्षें आधींचें आहे. तेथें मॉर्टिमर गॉथ लहान मुलगा आहे आणि बेला बॅचलर लहान मुलगी. पुढें हीं दोघें पतिपत्नी होणार हें खेळणारांस पूर्वींच्या दोन खेळांवरून ठाऊक. पण कारभाऱ्यास तें कोणीं सांगितलें नव्हतें! लक्ष दुसरीकडे असतां मॉर्टिमरानें भलतीशींच लग्न लावावें, किंवा बेलाच्या आईबापांनीं गांवच सोडावें, हें सहज घडे. ज्यांना कॅसँड्रा व अलेक्झँडर माहीत होते त्यांच्या दृष्टीनें हा दोन न जन्मलेल्या मुलांचा घात होता. वाटचाल बंद ठेवतां येई. पण वय सगळ्यांचें एकदमच वाढत राही, म्हणजे दहा घरें चालविणारास कोणत्याही एका घराच्या वांट्याला आयुष्याचा दहावा हिस्साच यावयाचा. वय वाढणेंही बंद करावें, तर मुलें मोठीं व्हावयाचीं नाहींत. शेवटीं खेळणारांतील जाणत्यांनीं स्वतःच नव्या आज्ञावल्या लिहून, ज्यांस त्यांच्यांत 'मॉड' म्हणतात, त्या अदृश्य कारभाऱ्यास बडतर्फ केलें व त्याच्या जागीं आपला माणूस बसविला.

न्यायाची गोष्ट अशी कीं, या तिसऱ्या खेळाची बाजूही पोकळ नाहीं. ज्याला एकच घर प्रिय आहे त्याच्यासाठीं दुसऱ्या खेळांतील वस्ती म्हणजे चित्रांत रंगविलेलें गांव होतें. तिसऱ्यांत त्याच्या नायकाला खरोखरीचा शेजार मिळाला, बरोबरीनें म्हातारा होणारा. आणि एका माणसानें साऱ्या गांवच्या जन्ममृत्यूची वही ठेवावी हा आग्रह तरी सर्वांवर कां लादावा? बहुतेक लोक रोज दहा घरांचा कारभार करावयास बसत नाहींत. त्यांना आपल्या घरापुरतें करमणुकीचें साधन हवें असतें. तरीपण ज्या खेळाचें सारें वैशिष्ट्य माणसांच्या बारीकसारीक ओळखींत आहे, त्यांत शेजाऱ्याचें नशीब केवळ खानेसुमारीवर सोडून देणें आम्हांस पटलें नाहीं, तें नाहींच.

२ सप्टेंबर २०१४ रोजीं आलेल्या 'सिम्स ४'मध्यें कर्त्यांनीं मधला मार्ग धरला. सलग गांव पुनः तुटलें; घरें पूर्वींसारखीं एकेक करून उघडावयाचीं झालीं. घरांची एक यादीच आली, व तींत 'खेळलेलीं' आणि 'न खेळलेलीं' असे दोन वर्ग पडले. वय कोणाचें वाढावें, सर्वांचें, कोणाचेंच नाहीं, कीं फक्त उघड्या घराचें, हें खेळणारानें ठरवावयाचें. म्हणजे पाळीनें खेळणाऱ्याची जुनी वही खेळानें प्रथमच अधिकृतपणें मान्य केली. पण आरंभीं न खेळलेल्या घरांत वय वाढण्यापलीकडे कांहींच घडत नसे. लग्न नाहीं, मूल नाहीं, नोकरी नाहीं. शेजारी नुसते म्हातारे होत आणि मरत, आणि कांहीं पिढ्यांनीं वस्ती ओस पडे. पहिल्या दोन खेळांत शेजाऱ्यांना जन्म नव्हता तसा मृत्यूही नव्हता; येथें मृत्यु तेवढा ठेवला आणि जन्म काढून घेतला! हें व्यंग दूर व्हावयास सात वर्षें लागलीं. २०२१ सालच्या नोव्हेंबरअखेर 'नेबरहुड स्टोरीज', म्हणजे शेजारच्या कथा, हा भाग जोडण्यांत आला, आणि मार्च २०२२ मध्यें त्याचा विस्तार झाला. आतां कोणत्या घरांत अदृश्य कारभाऱ्यानें हात घालावा व कोणत्या घरांत घालूं नये, मूल होऊं द्यावें कीं नाहीं, बिऱ्हाड हलवूं द्यावें कीं नाहीं, हें घरागणिक निरनिराळें सांगतां येतें. जी तक्रार २००९ सालीं झाली तिचें उत्तर हें असें बारा-तेरा वर्षांनीं मिळालें. त्याच वर्षीं, १८ ऑक्टोबर २०२२ पासून, मूळ खेळ विनामूल्यही झाला.

इतक्या सोयी झाल्यावर जुन्या खेळाकडे कोणी वळणार नाहीं, असा तर्क कोणीही केला असता. तो खरा ठरला नाहीं. 'सिम्स २' चा व्यापार बंद झाल्यावरही लोक जुन्या तबकड्या जपून ठेवीत, नव्या संगणकांवर तो चालावा म्हणून नाना खटपटी करीत, आणि वीस वर्षांपूर्वीं सुरू केलेल्या वस्त्यांचे फेरे पुढें नेत. अखेर खेळाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमित्तानें, ३१ जानेवारी २०२५ रोजीं, कंपनीनें पहिले दोन्ही खेळ त्यांच्या पुरवण्यांसह पुनः विक्रीस काढले. ज्यांनीं ते त्या दिवशीं घेतले त्यांच्या पडद्यावर प्लेझंटव्ह्यू पूर्वीं होतें तसेंच उघडलें. मॉर्टिमर म्हातारा, पण जिवंत; अलेक्झँडर व ल्यूसी एकाच वयाचे; आणि ब्रोकांच्या घरीं बो रांगत असून तिसऱ्या बाळाची वाट पाहणें अजून चालूंच आहे. आम्हीं या खेपेस वही नवी घेतली आहे, आणि क्रमांत पहिलें घर ब्रोकांचें घातलें आहे.